लतिका जेवायला बसली

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाट. रुपराव विणकरांच्या हातमागाची एक फळी उरली होती. देवाजी सुतारानं ती तासली, खाली दोन पट्ट्या ठोकल्या आणि मी झालो. नागपुरातल्या त्यांच्या घरी मी आलो तेव्हा त्यांची लेक लतिका रांगत होती. पुढं ती माझ्यावरच बसून जेवू लागली. वांग्याची भाजी असली की आणखी एक भाकरी हक्कानं मागून घेई.

ती मॅट्रिक झाली त्या वर्षी उमरेडचे पाहुणे तिला बघायला आले. जाताना त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "पोरगी गुणाची हाय, पन अंगानं जराशी भरली हाय."

लतिकानं सोमवार धरला. मग शनिवार, मग चतुर्थी. शेजारच्या मैनाबाई साऱ्या गल्लीत सांगत, "पोरगी पाहा, कशी देवाची हाय!" लतिकाला लहानपणापासून एकच ध्यास होता, आपण चांगलं असावं. आता चांगलं असणं म्हणजे न जेवणं, असं तिच्या मनानं घेतलं. उपासाची भगरसुद्धा ती गुपचूप गाईला घालू लागली. तिची हाडं मला टोचत होती, पण पाटाला तोंड कुठलं!

एका दुपारी मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता ती कोसळली. तिची आई अनुसयाबाई तिला रिक्षात घालून रामदासपेठेत डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. परतल्यावर तिनं रुपरावांना सांगितलं, "पोरीचं काळीज थकून राहिलं. हा उपास नाही, आजार हाय म्हनते बाई. रागावू नका, संग जेवा म्हनते."

मग ती लेकीजवळ बसली. "जेवत काहून नाही वं?"

"जेवली तर मी चांगली कशी राहीन, माय?"

जन्मभर अनुसयाबाई सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं खात आली होती आणि लोक तिला त्याबद्दल वाखाणत आले होते. "हे तू माह्यापासूनच शिकली वं," ती म्हणाली. तिनं दुसरा पाट ओढला, ताट वाढून घेतलं आणि नवऱ्याच्या आधी घास तोंडात घातला. रुपराव दारात थबकले. मग आत आले आणि स्वतः वरण वाढू लागले.

लतिकाला दोनच घास गेले. पुढंही ती कधी रडत उठे, कधी भात बाजूला सारी. आई मात्र शेजारून हलली नाही. डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं, "तुला मनापासून काय करायचंय?" घरातल्या बाया फक्त कांड्या भरत, मागावर पुरुषच बसत. लतिका म्हणाली, "मले मागावर बसायचं हाय."

"बस ना वं," घरी हे कळल्यावर रुपराव म्हणाले. "पन पावड्या दाबाले पायात जोर लागते."

त्या जोरासाठी ती जेवू लागली. तिनं विणलेल्या पहिल्या लुगड्याचा लाल काठ बघायला मैनाबाई आल्या आणि चाचरत म्हणाल्या, "सोमवार सोडला वं?"

"देवाले हात जोडते अन् जेवते," लतिका हसली. "बसा, तुमालेबी वाढते."

आता त्या घरात टेबल-खुर्च्या आल्या. मी भिंतीला टेकून असतो. त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात कुणी भरल्या ताटावरून उठत असेल, तर त्याच्या अंगकाठीवरून बोलू नका, त्याच्या संयमाचे गोडवे गाऊ नका. आपलं ताट घ्या आणि त्याच्या शेजारी बसा.