कारंज्याजवळचा बाक

लालासाहेब शिंदे बाकाच्या पाठीवरचं एक अक्षर घराच्या किल्लीनं खरवडत होते. ऑइलपेंट पक्का होता. किल्लीच झिजायला लागली.

“आवं हवालदार, काय चाललंय?” मागून रामगोंडाअण्णांनी विचारलं. हळदीचा व्यापार पोराकडं सोपवून ते आता या बागेच्या समितीचे अध्यक्ष झाले होते.

“सोताला जित्तं करतोय. सरहद्दीवर गोळीला जमलं न्हाई, ते तुमच्या पेंटरनं केलं.”

बाकावर लिहिलं होतं, ‘कै. लालासाहेब शिंदे, विटा’. खाली ‘सौजन्य : विश्वजीत’. विश्वजीत त्यांचा मुलगा. कोइमतूरला त्याचं सोनं गाळायचं दुकान. ‘वडिलांच्या नावानं बाक द्या,’ एवढाच निरोप त्यानं पाठवला होता. विट्याकडची पोरं लांबून अशी देणगी पाठवतात ती बहुधा बाप गेल्यावरच. त्यामुळे पेंटर आप्पासोनं कुणाला विचारलंही नाही.

“पुसू की,” अण्णा म्हणाले. “पर मग बाक हितनं हालवाय लागंल. तिकडं, मुतारीकडं.”

ठराव अण्णांचाच होता. संस्थानी काळात इथं घोड्यांना पाणी पाजायचा हौद होता. पुढं हौदाचं कारंजं झालं, शेजारी बँडसाठी चौथरा झाला, झाडं वाढली. मग गावच्या पुढाऱ्यांनी आपापल्या नावाचे बाक कारंज्याभोवती मांडले आणि एकमेकांचे उन्हात ढकलले. शेवटी समितीनं ठरवलं, कारंज्याजवळ फक्त गेलेल्यांचे बाक. गेलेली माणसं भांडत नाहीत.

“मी भांडतोय की.”

“तीच तर पंचाईत हाय, गड्या. सांजच्याला आप्पासो येतोय. तवर ठरवा, कारंज्यापाशी मरायचं का मुतारीपाशी जगायचं.”

लालासाहेबांना स्वतःचं काही वाटत नव्हतं. पण बायकोच्या, विजयमालाबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. फाटकापासून कारंज्यापर्यंत त्या जेमतेम येत. मुतारी बागेच्या पार दुसऱ्या टोकाला. बाक बसवला त्या दिवशी त्या हौसेनं आल्या, नाव वाचलं, कपाळाच्या कुंकवाला बोट लावलं आणि मागं फिरल्या. तेव्हापासून घरातच होत्या. गुडघे पुन्हा आखडू लागले होते.

घरी येऊन लालासाहेबांनी सगळं सांगितलं. विजयमालाबाई मेथी निवडत होत्या.

“मुतारीपतूर मला चालवायचं न्हाई,” त्या म्हणाल्या.

“मग हाय तसंच ऱ्हाऊ दे म्हणू?”

“तुमी काय बी म्हणू नगा. माझ्या चपला काढा.”

संध्याकाळी बाकापाशी अण्णांशेजारी आप्पासो टर्पेंटाइनचा डबा घेऊन उभा होता. विजयमालाबाई काठी टेकत आल्या, बाकाकडं नीट पाहिलं आणि बरोबर पहिल्या अक्षरावर पाठ टेकून ताठ बसल्या. पदर सारखा केला. लालासाहेब दुसऱ्या टोकाला, पुढं सरकून बसले.

आप्पासोनं मान वाकडी करून मोठ्यानं वाचलं.

“लालासाहेब शिंदे, विटा. बरोबर तर हाय. ह्यात काय पुसायचं?”

अण्णांनी त्याला डब्यासकट चहाला नेलं.

कारंजं बंद झालं. दिवे लागले. लालासाहेब उठले.

“चल, निघू.”

विजयमालाबाई हलल्या नाहीत. समोरून फिरायला आलेल्या बायकांचा घोळका चालला होता.

“त्यास्नी म्होरं जाऊ द्या आदी.”

बायका पुढं गेल्या. चौथऱ्याला वळसा घालून पुन्हा इकडंच यायला लागल्या.

लालासाहेब खाली बसले.