साध्या वेगाने

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. आधीच सांगून टाकतो, मी अडतो. उघडायला वेळ घेतो, मध्येच पडद्यावर गोल गोल चक्र फिरवत बसतो, आणि माझा पंखा असा घरघरतो की शेजारच्या खोलीत झोपलेला माणूस कूस बदलतो. तरीही माझी गोष्ट ऐका. म्हाताऱ्याचं जरा ऐकून घेतलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला, पण तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते दुकान, आणि काचेच्या टेबलावरून मला उचलून घेणारे हात. त्या बोटांना खडू लागलेला होता. त्या होत्या गणिताच्या बाई. घरी त्यांच्या सासूबाईंनी मला चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "दिसायला छान आहे गं, पण टिकेल ना?" मला असा राग आला म्हणून सांगू! पण नवीन होतो, गप्प बसलो.

तरुणपणी मी वाऱ्यासारखा धावायचो. प्रश्नपत्रिका, गुण, सहलीचे फोटो, म्हणाल ते चुटकीसरशी हजर. शिक्षकांच्या खोलीत बाईंनी मला उघडलं की बाकीचे माना वळवून बघायचे. माझी कॉलर ताठ! म्हणजे, असती तर.

बाईंचं मन मात्र स्वस्थ नव्हतं. वर्गात अपूर्णांक शिकवून झाले की त्या विचारायच्या, "समजलं?" आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, "होऽऽ बाई!" परीक्षेत मात्र भोपळा. शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना बोलावून सांगितलं, "बाई, मी लवकरच तुमच्या तासाला येऊन बसणार आहे. फरक दिसला नाही तर गणित दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. तुम्ही मग कार्यालयाचं काम बघा." त्या दिवशी घरी येऊन बाईंनी मला उघडलं आणि नुसत्याच पडद्याकडे बघत राहिल्या. "आई, मला शिकवताच येत नाही बहुतेक," त्या सासूबाईंना म्हणाल्या. गणित म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ते गेलं तर त्यांच्याजवळ काय उरणार होतं? मला फार वाईट वाटलं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणतात ना? तसे बाईंनी माझे धरले. इंटरनेटवर शिक्षकांची भाषणं असतात. मंचावर उभं राहून ते सांगतात, मुलं कशी शिकतात, वर्ग कसा जिवंत होतो. बाई मला ओट्यावर ठेवून, भाजी परतता परतता ती ऐकू लागल्या. भाषणं भाराभर आणि वेळ चिमूटभर, म्हणून सगळी दुप्पट वेगाने. सासूबाई दारातून म्हणायच्या, "अगं, याच्या तोंडात काय लाह्या फुटताहेत का?"

बाईंनी सगळं आत्मसात केलं. हातवारे शिकल्या, फिरत फिरत बोलायला शिकल्या. आकृत्या दाखवायला त्या मला वर्गात न्यायच्या, म्हणून मी सगळं पाहिलंय. "विचार करा!" बाई म्हणायच्या. "डोकं चालवा! उत्तर आहे एक चतुर्थांश! चला, पुढे!" मुलं बिचारी 'वि' वर असायची, तोवर बाई उत्तरावर. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं 'एक्स्प्रेस'. ते बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्या हसल्या, पण जेवल्या नाहीत.

त्यातच माझं वय झालं. दुप्पट वेग मला झेपेना. आवाज तुटायचा, चित्र गोठायचं. "याला आत्ताच म्हातारपण यायचं होतं!" म्हणत बाईंनी मला दोन थपडा दिल्या. उपयोग शून्य. नाइलाजाने त्यांनी भाषण साध्या वेगावर लावलं.

बोलत होते पांढऱ्या दाढीचे एक मास्तर. बाईंनी हे भाषण आधीही ऐकलं होतं, तोंडपाठच होतं म्हणा ना. मास्तरांनी समोरच्या लोकांना एक प्रश्न विचारला आणि एकदम आवाज बंद. बाई तणतणत आल्या, माझ्यावर हात उगारला. मित्रांनो, मी शप्पथ सांगतो, त्या वेळी मी निर्दोष होतो!

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांब, थांब. तो अडलेला नाही गं. तो थांबलाय."

खरंच. मास्तर शांतपणे लोकांकडे बघत उभे होते. लोक चुळबुळले, खाली बघू लागले, आणि मग मागून कुणीतरी चाचरत बोलायला लागलं. बाई मटकन स्टुलावर बसल्या. "आई, हे सगळं मी पळवलं हो. शब्द तेवढे ऐकले, आणि थांबणं सगळं वाया घालवलं."

मग आला तो दिवस. मोठ्या बाई शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. मी टेबलावर. बाईंनी माझ्यावर भाकरीएवढे दोन गोल दाखवले. एकाचे तीन भाग, दुसऱ्याचे चार. समजावून झालं. सवयीने त्यांच्या ओठांवर 'समजलं?' आलं, मी पाहिलं. त्यांनी ते गिळलं.

"कुठे अडलं?" बाईंनी विचारलं.

वर्ग चिडीचूप. असा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता, त्याला 'होऽऽ' म्हणून चालेना. मोठ्या बाई घड्याळाकडे बघू लागल्या. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली होती, पण तोंड उघडलं नाही. सगळ्या वर्गात आवाज फक्त माझ्या पंख्याचा. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आणि कधीच न बोलणारी, मुलं जिला 'मौनी' म्हणायची ती मुलगी उभी राहिली. "बाई... तीनपेक्षा चार मोठे ना? मग चतुर्थांश तृतीयांशापेक्षा लहान कसा?"

"मला पण तेच कळत नाही!" दुसरा म्हणाला. "मला पण!" "मला तर पहिल्यापासूनच नाही!" बघता बघता निम्मा वर्ग हात वर करून उभा. इतकी वर्षं सगळे तिथेच अडून बसले होते, आणि एका सुरात हो म्हणत होते. बाईंचे डोळे भरून आले. "ये," त्या मौनीला म्हणाल्या, "फळ्यावर ये. एक भाकरी तिघांत वाट, मग चौघांत. कुणाच्या वाट्याला जास्त येते बघू." घंटा झाली तरी कुणी हललं नाही.

जाताना मोठ्या बाई म्हणाल्या, "गणित तुमच्याकडेच राहू दे. तो पंखा मात्र दुरुस्त करून घ्या, बाई."

आता घरात नवा लॅपटॉप आलाय. विजेसारखा पळतो. मी कपाटावर असतो. कधी कुणी धूळ पुसतं, कधी विसरतं. मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, हे तर मी सांगणारच. पण माझं एक मागणं आहे. कुणी हळू चाललं, मध्येच गप्प झालं, तर लगेच थप्पड मारू नका. आधी बघा, तो अडलाय की थांबलाय. आणि अडला असेल तर विचारा, कुठे.

काल बाईंनी नव्यावर भाषण लावलं. सासूबाईंनी लगेच विचारलं, "सूनबाई, किती वेगाने?"

"साध्याच, आई," बाई म्हणाल्या, आणि जाता जाता माझ्यावरची धूळ पदराने पुसून गेल्या.