न दाबलेली उशी

माहा भाऊ रहमत सोताले लय हुशार समजते. मी जैबुनबी, त्याची मोठी बहीण. म्याच त्याले चालायले शिकवलं, अन् आता तोच मले अक्कल शिकवते. मारेगावले आमची दोघायची मिल हाये. सरकीले चिकटलेली लव आमी मशीनवर काढतो. पयल्या खेपेची लव लांब निघते, ती गादीवाले नेतात. दुसऱ्या खेपेची आखूड, भुशासारखी. तिचा गादीले काई उपयोग नाई.

त्या दिवशी आवारात ट्रक भरून उभा होता. सगळा दुसऱ्या खेपेचा माल. घेणारा लालसिंग, नागपूरचा दलाल, खुर्चीत बसून चहा फुरकत म्हणे, "परदेशात गाद्यायचा कारखाना हाये. रहमतभाई, माल गाद्यासाठी चालला म्हणून इथी सही मारा, का झालं." रहमतनं पेन उघडला. मी हातचं काम टाकून उठली.

काहून म्हणसान, तं मागच्या साली यवतमाळले मिलवाल्यायची सभा झालती. सरकारी साहेबानं ठणकावून सांगतलं, ह्याच आखूड लवेपासून तोफेची बारूद बनते. कोण घेते, कायले घेते, याची खात्री नसन तं माल देशाबाहेर धाडू नका, आधी आमाले विचारा. खोटी सही केली तं जेलात जासान. रहमतबी होता तिथी. समोसे खाऊन राह्यलता!

"रहमत, थांब जरा," म्या म्हटलं.

"आपा, पयल्यांदा आपला माल परदेशी चालला. नजर नको लावू."

नजर म्हणे! माह्या आंगाची आग झाली.

आमी जातीचे पिंजारी. अब्बा पिंजण खांद्यावर घेऊन गावोगाव गाद्या भरत. तवापासून घरची रीत हाये, नवा घेणारा आला का त्याच्याच मालाची उशी भरून त्याले द्याची. त्यानं दाबून पाह्यली, मंगच सौदा पक्का. म्या सकाळीच लालसिंगच्या मालाची उशी शिवली होती. नुसते गोळे. उशी कायची, वीटच होती ती.

ती म्या त्याच्या मांडीवर ठेवली. "घ्या भाऊ, तुमच्याच मालाची हाये. सांगा कशी वाटते."

गादीच्या धंद्यातला मानूस उशी हातात आली का पयले आंगठा रोवते, त्याच्यानं राह्यवतच नाई. या बाबानं दाबलीच नाई. काखेत मारली अन् म्हणे, "एकदम फस्क्लास! आमच्या गाद्या अशाच मऊ बनतात."

रहमतचा पेन थांबला. त्यानं उशी ओढून घेतली, आंगठा रोवला. तोंड उतरलं त्याचं.

"लालसिंगभाऊ, कारखान्याचं नाव सांगा. मी आत्ताच फोन लावतो."

"नावाशी तुमाले काय करायचं? सही करा."

"मंग सही नाई."

लालसिंगनं ड्रायव्हरले हात केला. ट्रक सुरू झाला. मी पळत जाऊन फाटकात फतकल मारली. "ने माह्या आंगावरून!" आवाज मोठा काढला. चाक जवळ आलं, आणखी जवळ आलं. रहमत "आपा!" म्हणून बोंबलला अन् माह्या बाजूले येऊन बसला. मंग ड्रायव्हरनंच ट्रक बंद केला. "मले नाई पाह्यजे हे लफडं," म्हणे.

"बसा माल उशाले घेऊन," लालसिंग गाडीत बसता बसता गुरकावला. "वणीले भीमराज हाये."

मजुरायनं गठाणी उतरवल्या. म्या साहेबाच्या हापिसात फोन लावून सगळं सांगतलं. रहमत गठाणी मोजत बसला. मले वाटलं, आता हा महिनाभर बोलत नाई.

भीमराज वणीचा मिलवाला, त्याचं अन् आमचं हाडवैर. त्यानं आमचे मजूर फोडले तवापासून त्याचं नाव काढलं तरी रहमत थुंकते. त्याच रहमतनं फोन उचलला.

"भीमराज, रहमत बोलतो. ठेवू नको फोन. लालसिंग तुह्याकडे येऊन राह्यला. आखूड लव मांगन, गादीसाठी म्हणन. सही करू नको, फसशीन." मंग माह्याकडे पाहून म्हणे, "अन् भरोसा नसन तं थांब थोडा. आपाची उशी घेऊन मीच येतो."