चौऱ्याऐंशी, आणि बाण खाली

अमीनाबादच्या बाजारात रजईसाठी कापड बघत होते, तेवढ्यात फोनवरचा शर्वरीचा आकडा थांबला. चौऱ्याऐंशी, बाण खाली. मग नुसतंच ‘सिग्नल नाही’.

शर्वरी माझी, पाच वर्षांची. तिच्या दंडावरचा सेन्सर दर पाच मिनिटांनी रक्तातली साखर घरच्या रिसीव्हरला कळवतो, आणि रिसीव्हर वायफायवरून मला. असल्या छोट्या उपकरणांच्या पोटातले अँटेना आखणं हे माझं कामच. ती झोपली की करते. म्हणून भीतीसुद्धा मला तपशीलवार वाटते.

सासूबाईंचा फोन नुसता वाजत राहिला. नवरा, अभिराम, बँकेच्या कामाने कानपूरला.

घर छावणीत. मी समोरच्या ई-रिक्षात चढले. “भैया, छावनी. जल्दी!”

“बहनजी, ई-रिक्शा है, हवाई जहाज नहीं.”

सेन्सरमधला अँटेना म्हणजे सर्किटच्या पाटीवर छापलेली तांब्याची नागमोडी रेघ. पोर त्या दंडाच्या कुशीवर वळली की अंगातलं पाणीच रेडिओलहरी पिऊन टाकतं. तेवढंच असू दे, मी म्हणत होते. पण जेवणाआधीचं इन्सुलिन देऊन मी निघाले होते. ती पोटभर जेवली असेल ना?

दार सासूबाईंनी उघडलं. “हळू गं! झोपलीय ती. म्हणून तर फोनचा आवाज बंद केलाय.”

“आई, रिसीव्हर कुठंय?”

“देवाजवळ ठेवलाय. तिचं दुखणं त्यात दिसतं म्हणतेस ना, मग देवाचंही लक्ष राहू दे म्हटलं.”

चांदीच्या पत्र्याने मढवलेला देव्हारा, दारं घट्ट लावलेली. रिसीव्हरमधला अँटेना तांदळाच्या दाण्याएवढा. चहूकडून धातू आला की त्याला काही ऐकू येत नाही.

शर्वरीची मान घामाने भिजली होती. बोट टोचलं. एकावन्न. सत्तरच्या खाली धोका.

“शरू, ऊठ राणी. बस नीट. हे पी.”

निम्मं साखरपाणी फ्रॉकवर सांडलं. डोळे अर्धवट, पण घोट घेत होती.

“दोन घासांवरच झोपली गं,” सासूबाई भिंतीला टेकल्या. “मीही आग्रह केला नाही.”

मला ओरडायचं होतं. पण पुन्हा टोचायला पंधरा मिनिटं थांबावं लागतं, आणि ती पंधरा मिनिटं मी एकटीने काढू शकले नसते. मी त्यांचा हात धरला. तो माझ्याहून गार होता.

दुसऱ्यांदा टोचलं. एक्क्याऐंशी.

“मम्मा, वही उँगली क्यों!” शर्वरीने भोकाड पसरलं. चांगलं खणखणीत.

मी तिला गप्प केलं नाही.