कचऱ्याचं फिरतं दान

कामप्लेंगचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. राजा वेस्संतराच्या, म्हणजे बुद्धाच्या मागल्या जन्माच्या कथेचे तेरा अध्याय आज विहारात गायले जाणार होते, आणि मद्दीच्या अध्यायाचं यजमानपण यंदा तिच्या घराकडे होतं. राजानं, तिच्या नवऱ्यानं, दान करून टाकलेली लेकरं रानभर शोधत फिरणारी ती आई! भंते रुआंग गायला लागले की गडीमाणसंही पंच्यात तोंड लपवत. पण भंतेंना दमा, आणि विहाराच्या भिंतीमागे कचरा धुमसत होता.

तीन महिन्यांपूर्वी पंचक्रोशीच्या कचेरीनं कचऱ्याची गाडी बंद केली. तेव्हापासून ढीग वाढला की कुणीतरी काडी लावी.

"मी काय करू, मावशी?" मुखिया सोमाय खोकत म्हणाला. "कचेरीतले साहेब म्हणतात, एवढ्या लांब गाडी पाठवली तर करदात्यांवर भार पडतो."

"मग कर काय आपल्या म्हशी भरतात?"

तिनं घागरी ओतून आग विझवली. पण ढीग तिथंच. दुपारी पुन्हा पेटणार.

फाटकाशी फिरत्या दानाचे ढोलवाले जमले होते. हे दान कुणाच्या नावचं नसतं. मिरवणूक पोचते तेव्हा आसनावर जो भिक्खू गात असेल, त्याचं.

कामप्लेंग थबकली. मनातल्या मनात तिनं बुद्धाची क्षमा मागितली.

"ट्रॉली आणा रे. आधी हा कचरा पोत्यांत भरा."

"मावशी, पाप लागेल!"

"लागलं तर मला लागू दे. ढोल थांबवू नका."

कचेरीत विरोतसाहेब खुर्चीत एकटेच होते. दारात ढोल घुमला, बाया नाचत आत आल्या. दान आलं म्हटल्यावर जन्माची सवय, साहेबांनी डोळे मिटून हात जोडले, "साधु!" म्हणून मोकळे झाले. पोती पायाशी धपाधप पडली.

"अहो, हे काय?"

"हात जोडून घेतलंत, साहेब. आता परत करता येत नाही."

"मी काय भिक्खू आहे?"

"आसनावर तर तुम्हीच होतात!"

बाया हसून लोटपोट. साहेबांनी एका हातानं नाक धरलं, दुसऱ्यानं फोन उचलला. उरलेला ढीग न्यायला गाडी निघाली. पुढच्या आठवड्याचं मात्र ते काही बोलले नाहीत.

तेवढ्यात शेतांपलीकडून विहाराच्या कर्ण्यावर भंतेंचा सूर आला. मद्दी! आणि यजमानीणच जागेवर नाही! ट्रॉली वळेपर्यंत धीर कुठला; चपला हातात घेऊन ती बांधावरून पळत सुटली. भंतेंचा आवाज चढत गेला, कुठं अडला नाही, खोकला नाही. भाताच्या धसकटांतच ती गुडघ्यांवर बसली, हात जोडले, ढसाढसा रडली.

मग डोळे पुसून पुन्हा पळाली.