दोन किल्ल्या, दोन घरं

बसा. त्या खुर्चीचा डावा पाय लंगडा आहे, तेवढा सांभाळा. गोष्ट सांगतो, फार लांबण लावत नाही. आणि शेवटी तुमच्याकडे एक काम आहे, ते आधीच सांगून ठेवतो. मागाहून गोड बोलून गळ्यात मारलं म्हणायला नको.

तिजोरीवाल्याला तुम्ही येता-जाता पाहिलंय. जन्मभर लोखंडी तिजोऱ्या दुरुस्त केल्या गड्यानं, हाताचा तेलाचा वास आता साबणाला दाद देत नाही. पुढं दुकान, मागं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ह्याच दुकानात त्याच्या मुलानं नवा धंदा काढला होता, लोकांची क्रिप्टो सांभाळायचा. आता ही काही खिशात खुळखुळणारी नाणी नव्हेत. ती कॉम्प्युटरात असतात, आणि जागची हलवायची तर शब्दांची एक लांबलचक ओळ लागते. त्या ओळीलाच किल्ली म्हणायचं. ओळ हरवली की नाणी गेली, कुणाच्या बापाला परत मिळत नाहीत. लोकांना ती हरवायची धास्ती, म्हणून कुणीतरी भरवशाचं लागतं.

पोरगं हुशार. त्यानं एकाच्या दोन किल्ल्या केल्या. दोन्ही लागल्याशिवाय एकही नाणं हलायचं नाही. दोन पोलादी पट्ट्यांवर दोन ओळी बापाकडूनच ठोकून घेतल्या. एक पट्टी बापाची, दुकानातल्या तिजोरीत ठेवलेली, एक स्वतःची.

मग ते पोरगं आजारी पडलं आणि गेलं. त्यावर तिजोरीवाला बोलत नाही, तर मीही बोलत नाही. त्याची पट्टी सुनेकडे आली.

सुनेनं धंदा बंद पडू दिला नाही. ग्राहकांचे फोन, कॉम्प्युटर, हिशेब, सगळं तिच्या अंगावर. सासरा तिजोरीशेजारी बसायचा आणि संध्याकाळी स्वयंपाकात मीठ जास्त टाकायचा. माहेरची माणसं म्हणायची, ये निघून, तर ही म्हणायची, बाबा एकटे पडतील. आणि बाबा इथं माझ्याजवळ येऊन कुरकुरायचे, "माझ्यापायी अडकून पडलीय पोर. वय काय तिचं? पण जा कसं म्हणू? जा म्हटलं की तिला वाटणार, म्हाताऱ्यानं बाहेर काढलं."

त्यात ते भूगोलाचे मास्तर. मास्तरांची नाणी किती, तर चिमूटभर. पण दर शनिवारी दोन बस बदलून यायचे, खात्यात किती आहे विचारायला. अहो, ते मोबाइलवर दिसतं. सून त्यांना सांगायची, मास्तर मान डोलवायचे, पुढच्या शनिवारी परत हजर. तिजोरीवाला खाली मान घालून कुलपात तार फिरवायचा, पण कान तिकडं.

"मास्तर, मोबाइल बिघडलाय का तुमचा?" एकदा त्यानं विचारलंच.

"नाही," मास्तर म्हणाले. "चांगला आहे."

सून हसू दाबत आत गेली, ती चहा घेऊनच बाहेर आली. पण चहाच्या पुढं गाडी काही सरकेना. घरात सासरा बसलेला, ती तरी काय बोलणार?

अशात नवा कायदा आला. दुसऱ्याची क्रिप्टो सांभाळायची तर लायसन हवं. नसेल तर ज्याची त्याला नाणी परत द्या आणि दुकानाला कुलूप लावा. ग्राहकांची नाणी आणि आपली नाणी वेगळी ठेवलीत का, हिशेब बाहेरच्या माणसाकडून तपासता का, उद्या धंदा बुडाला तर लोकांना त्यांचं कसं मिळेल, असे शंभर सवाल. सुनेनं सगळं चोख करून ठेवलं होतं. तिच्या नवऱ्याचं दुकान होतं ते, हयगय कशी करील.

तपासणीच्या बाई आल्या त्या दिवशी सून हिशेब तपासणाऱ्याकडं सही आणायला गेली होती. बाई चष्मेवाल्या, आवाज मऊ. सगळं पाहिलं, तिजोरीवर टकटक केली, खूश झाल्या. मग विचारलं, "काका, राहता कुठं?"

"इथंच. मागं."

"आणि दुसरी किल्ली सांभाळणाऱ्या ताई?"

"त्याही इथंच. सून आहे माझी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "एक विचारू? समजा कुणी ताईंच्या मानेवर सुरी ठेवली आणि तुमची पट्टी मागितली. द्याल?"

"द्याल म्हणजे? वर चहा पाजीन."

"आणि तुमच्या मानेवर ठेवली तर ताई?"

तिजोरीवाल्यानं तेलकट हात फडक्याला पुसले. "देईल," म्हणाला. "न रडता देईल. रडेल मागाहून."

"मग काका, मी दोन किल्ल्या कशा मोजू? एका घरात, एकमेकांवर इतका जीव असलेली दोन माणसं. चोराला एकच दार फोडायचंय." बाईंना सांगताना वाईट वाटत होतं, तोंडावर दिसत होतं. "दोन मार्ग आहेत. एक, दोघांपैकी एकानं दुसरीकडं राहायला जायचं. नाहीतर एक पट्टी बाहेरच्या भरवशाच्या माणसाकडं द्यायची. समोर दाताच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्या चालतील. मग तुम्ही दोघं खुशाल एकत्र राहा."

तिजोरीवाला समोर डॉक्टरीणबाईंच्या दाराकडं बघत बसला. इतकी वर्षं ज्या गोष्टीला तोंड फुटत नव्हतं, ती ह्या बाईनं आयती पुढ्यात आणून ठेवली होती.

सून परत आली तेव्हा हा एका जुन्या बिजागरीला तेल देत होता.

"काय म्हणाल्या?"

"सगळं ठीक. एकच खोट आहे. दोन किल्ल्यांची माणसं एका छपराखाली चालत नाहीत म्हणे. एकाला दुसरीकडं राहावं लागेल."

"दुसरा काही मार्ग?"

"नाही."

"विचारलंत तुम्ही?"

"विचारलं की." तेलाचा थेंब, आणखी एक थेंब. "मी जातो म्हणालो असतो, पण ही तिजोरी जमिनीत बसवलेली. ती नि मी एकदमच हलणार. तुझी पट्टी काय, पदराआडून जाईल."

बिजागरीतून तेल ओघळून फरशीवर आलं. सुनेनं बघितलं. फडकं आणलं आणि त्याच्या पायापाशी बसून पुसून घेतलं. मग म्हणाली, "बघते खोली."

दोन गल्ल्या पलीकडं खोली मिळाली, वरच्या मजल्यावर, खिडकीत ऊन येणारी. तिजोरीवाल्यानं स्वतः जाऊन दाराला कुलूप बसवलं, असलं जाडजूड की घरमालक म्हणाला, आत काय बँक काढताय? जाताना सुनेनं मिठाच्या डब्यातला मोठा चमचा काढून घेतला आणि लहान ठेवला. नवऱ्याचा फोटो मात्र नेला नाही. "तो इथंच शोभतो," म्हणाली. "तुमच्यावर लक्ष ठेवील."

तिची गाडी कोपऱ्यावरून वळली, आणि हा माणूस आत येऊन नुसता उभा राहिला. स्वयंपाकघरात दोन पेले पालथे. एक सरळ केला, चहा ओतला, आणि तसाच गार होऊ दिला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "बरोबर केलं ना रे मी?" मी म्हटलं, "मला काय विचारतो, खोटं तू बोललास."

पुढं बाई पुन्हा तपासायला आल्या. नेमका शनिवार. मास्तर कोपऱ्यात बसलेले.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"ग्राहक," सून म्हणाली.

"काही तक्रार आहे?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"मग?"

सुनेनं मास्तरांपुढं चहा ठेवला. बाईंनीही जास्त ताणलं नाही. कागद चाळले आणि सुनेला म्हणाल्या, "लायसन मिळेल. पण ताई, एवढा खर्च करून खोली कशाला घेतलीत? मी पत्रात दोन्ही मार्ग लिहिले होते. डॉक्टरीणबाईंकडं पट्टी देऊन भागलं असतं."

तिजोरीवाल्याच्या हातातली तेलाची बुधली तशीच राहिली. त्यानं हळूच सुनेकडं पाहिलं. सून म्हणाली, "हो, वाचलं होतं." बाई गेल्या. मास्तरही, शहाणा माणूस, बस चुकेल म्हणून उठले.

"पत्र कधी आलं होतं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"त्याच संध्याकाळी. मोबाइलवर."

"मग बोलली नाहीस ती?"

"तुम्ही इतकी मेहनत घेत होतात बाबा. अख्खी बुधली संपवलीत." ती हसली, मग हसू कुठंतरी गेलं. "आणि मलाही जायचं होतं. कितीदा मनात आलं. पण तुमच्या ताटाकडं बघून जीभ रेटेना. तुम्ही दार उघडलंत, तर म्हटलं, आता परत लावून घेऊ नये."

तिजोरीवाल्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेलकट हात, केसाला डाग पडला असणार, ती हलली नाही. "पोरी," म्हणाला, "खोलीत ऊन नीट येतं ना?"

"येतं. रविवारी जेवायला या. पट्टी मात्र इथंच ठेवून. दोन्ही एका घरात नकोत."

झालं ते असं. आता दर रविवारी दुपारी तो तिकडं जेवायला जातो. मीठ बरोबर पडलंय सांगतो, आणि संध्याकाळपर्यंत परत फिरतो. दुकान सोडून जायचं तर तिजोरीपाशी कुणीतरी बसावं लागतं, ते आजवर मी बसत आलो. पण ह्या रविवारी पानं जास्त मांडायची आहेत. मास्तर त्यांच्या आईला घेऊन येणार आहेत, आणि म्हातारा म्हणतो, तू शेजारी नसलास तर मी आमटी सांडीन.

तेव्हा काम एवढंच. रविवारी दुपारी जरा वेळ दुकानात बसाल का? तिजोरीला हात लावू नका, लावलात तरी उघडायची नाही म्हणा. फक्त कुणी आलं आणि विचारलं, तिजोरीवाले कुठं गेले, तर सुनेकडं गेलेत असं सांगू नका. लेकीकडं गेलेत म्हणा.