सूर्यखडकापुढची भिंत

पिवळ्या कागदाचा मुकुट आयविनने मुलीच्या लोकरी टोपीवर पुन्हा चढवला आणि रुनाने तो पुन्हा काढून त्याच्या हातात दिला.

"नको म्हटलं ना, पप्पा. काम करताना पडतो."

"अगं, आज सूर्याचा दिवस. सगळ्यांनी घातलाय."

"सगळ्यांना काम नाहीये," असं म्हणून ती फावडं ओढत निघूनही गेली. पाच वर्षांची पोर, पण तोरा मुकादमाचा.

बालवाडीची सगळी फौज टेकडीवर आली होती. ध्रुवाजवळच्या या गावात नोव्हेंबरात बुडालेला सूर्य आज, जानेवारी सरता सरता, खाडीपलीकडच्या खिंडीतून भर दुपारी काही मिनिटं डोकावणार होता. त्याचं पहिलं ऊन पडतं ते इथल्या सूर्यखडकावर. तिथे मुलांनी मुकुट घालून उभं राहायचं, त्याला हाका मारायच्या, गाणं म्हणायचं आणि मग जॅम भरलेले सूर्यपाव खायचे, अशी रीत. शेकोटी पेटली होती. काही पोरं उतारावरून बसल्या बसल्या घसरत होती. छोटी ओदा बर्चच्या झाडाच्या फांदीवरचा बर्फ चाटत होती. आणि या टेकडीवर मुलं आणता आणता केस पिकलेली शिक्षिका बोर्गिल कोकोच्या पातेल्यावर पहारा देत होती.

आयविनला मात्र आज ढग हवे होते. काळे, जाड, दिवसभर न हलणारे. सकाळपासून तो मनातल्या मनात हवेला विनवत होता, आणि आकाश मेलं धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

चूक त्याचीच होती. नोव्हेंबरात बायकोला, मारेनला, दक्षिणेच्या मोठ्या इस्पितळात हलवलं, तेव्हा विमानतळावर रुना आईचा डगला सोडेना. त्याने वेळ मारून नेली. म्हणाला, "सूर्य परत येईल ना, तेव्हा आईपण परत येईल." त्यानंतर रुनाने रोज विचारलं, सूर्य यायला अजून किती झोपा बाकी आहेत. काल संध्याकाळी मात्र तिने विचारलं नाही. कालच इस्पितळातून फोन आला होता. उपचार थांबवतोय, मुलीला घेऊन लवकर या. उद्या सकाळचं विमान होतं. सूर्य वर यायच्या आत तिला सांगायलाच हवं होतं. न्याहारीला त्याने सुरुवात केली आणि बोलला हातमोज्यांबद्दल.

"सांगितलंस?" बोर्गिलने कोको ढवळत हळूच विचारलं.

"नाही."

"आयविन, आता वेळ थोडाच आहे."

"कसं सांगू? तूच शिकव, कसं सांगतात ते."

बोर्गिलने डाव पातेल्याच्या काठावर आपटला. "मला येत असतं तर मीच नसतं का सांगितलं?"

तिकडे खडकापुढे खाडीच्या बाजूला रुनाची भिंत तिच्या कमरेपर्यंत आली होती. स्नोरे नावाचा गलेलठ्ठ मुलगा हाताखाली होता आणि त्याला शंका फार.

"किल्ला आहे का?"

"भिंत आहे."

"मग दार कुठाय?"

"दार नसतं हिला."

"दार नसलं तर शत्रू येणार कुठून?"

"त्याने यायचंच नाहीये, येड्या! थाप तिकडून."

आयविन तिच्याजवळ जाऊन गुडघ्यांवर बसला.

"रुना, जरा ऐकतेस? मला तुला काहीतरी—"

"आधी ते मोठं ढेकूळ आण. आम्हाला उचलत नाही."

त्याने ते आणलं. मग आणखी एक आणलं. तिने बोट दाखवलं तिथे ठेवलं, फटी बुजवल्या, वरून थापलं. आडोसा करतेय वाऱ्याला, असं त्याला वाटलं. वारा नव्हताच, हे त्याच्या लक्षात आलं नाही. खरं तर हाताला काम मिळाल्याचं त्याला बरंच वाटत होतं, आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती.

तेवढ्यात पलीकडचा कडा तांबूस झाला. पोरं किंचाळत खडकावर धावली.

"आला! आला! ए, मला पहिला दिसला!"

"खोटारडी! मला!"

खिंडीत सोन्याचं टोक चमकलं. सगळ्यांचे चेहरे एकदम पिवळे झाले, मुकुट पेटल्यासारखे दिसले. बोर्गिलने गाणं उचललं. आयविनने खडकावर पाहिलं. त्या मुलांत रुना नव्हती.

ती भिंतीमागे होती. बसायला आणलेल्या रेनडियरच्या कातड्यावर पाय पोटाशी घेऊन, निळ्या सावलीत अगदी अंग चोरून बसली होती.

"रुना, अगं, आला बघ," सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं.

"इथे नाही आला."

तो वाकला. तिने त्याचा डगला धरून खाली ओढला.

"बस ना खाली. तुझ्या डोक्यावर येतोय तो."

आयविन बसला. दोघांच्या श्वासांची वाफ एकमेकांत मिसळत होती. पलीकडे गाण्याचं दुसरं कडवं सुरू झालं.

"पप्पा," ती भिंतीकडे बघत म्हणाली, "इथे तो येत नाही, तोवर तू काही सांगायचं नाहीस."

काल फोन त्याने स्वयंपाकघरात घेतला होता. दारही लावलं होतं. पण लाकडाचं घर ते, भिंतींतून सगळं ऐकू जायचं. रडू नये म्हणून त्याने ओठ दाताखाली घट्ट धरला.

"उद्या तो याच्यापेक्षा वर येतो ना?"

"हो," तो कसाबसा म्हणाला. "रोज थोडा वर."

तिने भिंत खालून वर नजरेने मोजली.

"रुना! आयविन!" बोर्गिलची हाक आली. "पाव गार होतायत!"

दोघंही हलली नाहीत. भिंतीच्या माथ्यावर दोन ढेकळांमध्ये एक फट राहिली होती. तिच्यातून उन्हाची बारीक रेघ आत उतरली आणि रुनाच्या बुटाच्या टोकावर पडली. तिने पाय झटकन आत घेतला आणि बापाकडे पाहिलं.

आयविनने फावडं उचललं, बर्फाने भरलं आणि ती फट बुजवून टाकली.